ओव्याचे फूल आणि अंकुशकृमी

स्वित्झर्लंडमधील गेशेनेन आणि आयरोलो या दोन गावांच्या मध्ये आल्प्स पर्वताचा जो गॉटहार्ड नावाचा भाग उभा आहे, त्याचे पोट फोडून उत्तर युरोप आणि इटली ही लोहमार्गाने जोडावीत असा संकल्प दीर्घकाळ चाललेल्या वाटाघाटींनंतर ठरला, आणि १८७२ साली जिनीव्हाचा मक्तेदार लुई फाव्र याने पंधरा किलोमीटर लांबीचा हा बोगदा आठ वर्षांत पुरा करून देण्याचा मक्ता अंगावर घेतला. मक्त्याच्या शर्ती कडक होत्या; ठरल्या मुदतीपलीकडे जाणाऱ्या प्रत्येक दिवसासाठी जबर दंड लिहिलेला होता, आणि या दंडाच्या धास्तीने जी घाई सुरू झाली तिचा सगळा भार पीडमाँट व लोंबार्डी या प्रांतांतून पोटासाठी आलेल्या हजारो इटालियन मजुरांच्या माथ्यावर पडला. डायनामाइटचा धूर, तेलाच्या दिव्यांची काजळी, तीस अंशांच्या वर चढलेली उष्णता, छतातून अखंड गळणारे पाणी आणि घोट्यापर्यंत साचलेला चिखल, अशा त्या अंधारात माणसे आठ-आठ तास राबत, तेथेच भाकरी खात आणि शौचासाठी बाहेर येण्यास ना सवड ना परवानगी म्हणून तेथेच कोठेतरी आडोशाला बसत. १८७५ च्या जुलै महिन्यात हवा आणि मजुरी या दोन तक्रारींसाठी गेशेनेनच्या मजुरांनी काम बंद पाडले, तेव्हा सरकारी शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि चार माणसे मारली गेली. खुद्द फाव्रलाही आपला बोगदा पुरा झालेला पाहण्याचे भाग्य लाभले नाही. १८७९ च्या जुलैत पाहणी करीत असता बोगद्यातच त्याला मृत्यूने गाठले. १८८० च्या फेब्रुवारीअखेर दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस भिडले, आणि युरोपभर जयघोष झाला.

याच फेब्रुवारीत तूरिन शहरातील रुग्णालयात गॉटहार्डहून परतलेल्या एका मजुराचा अंत झाला. या मजुरांना जडणारा विकार वैद्यांना ठाऊक नव्हता असे नाही. चेहरा मेणासारखा पांढरा पडलेला, दोन पायऱ्या चढताच धाप लागलेली, पायांवर सूज, छातीत धडधड, अंगातले त्राण गेलेले, असे शेकडो रोगी त्या खोऱ्यांतून येत होते, आणि दूषित हवा, सूर्यप्रकाशाचा अभाव, स्फोटकांचा धूर अशी कारणे देऊन त्यांच्या पांडुरोगाची वासलात लावली जात होती. या मजुराचे शव उघडण्यात आले तेव्हा त्याच्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटलेले, जेमतेम अर्धा इंच लांबीचे, बारीक दोऱ्यासारखे असंख्य कृमी आढळले. तूरिन येथील पशुवैद्यकाच्या विद्यालयातील कृमिशास्त्राचे अध्यापक एदोआर्दो पेर्रोंचितो यांनी हा धागा पकडला, आणि बोगद्यातील मजुरांच्या मलाची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करून त्या रोगाचे मूळ हवेत नसून आतड्यात आहे हे निर्विवाद दाखवून दिले.

हा कृमी नवा नव्हता. मिलान येथील आंजेलो दुबिनी याने १८३८ साली एका शेतकरी स्त्रीच्या शवात तो प्रथम पाहिला व १८४३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले; त्याच्या तोंडाशी असलेल्या वाकड्या दातांवरूनच आपण मराठीत त्याला अंकुशकृमी म्हणतो. कैरो येथे ग्रीझिंगर या जर्मन वैद्याने १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत मिसर देशातील प्रचंड प्रमाणावरच्या पांडुरोगाशी त्याचा संबंध जोडला, आणि ब्राझीलमधील बाहिया येथे वुखेरर यानेही तेच अनुभवले. तथापि मिसर आणि ब्राझील हे उष्ण देश पडले. तेथील गुलाम आणि फेलाह (शेतकरी) कशाने मरतात याची फिकीर युरोपातील विद्यापीठांना फारशी नव्हती. आल्प्सच्या बर्फाखाली, युरोपच्या अभिमानाचा विषय झालेल्या बोगद्यात तोच कृमी निघाल्यावर मात्र शास्त्राची झोप उडाली. या निरीक्षणात थोडा कडवटपणा वाटेल, पण रोगांच्या इतिहासात हा क्रम इतक्यांदा आढळतो की तो योगायोग मानणे कठीण जाते.

रोगाचे कारण कळले. आता कृमी काढावयाचा कसा? पेर्रोंचितो यांनी नर नेचा या वनस्पतीच्या मुळाचा अर्क वापरला. पट्टकृमीवरील उपाय म्हणून तो युरोपात पूर्वापार प्रसिद्ध होता आणि अंकुशकृमीवरही त्याचा गुण येत असे, परंतु मात्रा थोडी चुकली तर दृष्टी जाण्यापर्यंत मजल जाई. त्याच शहरातील कामिल्लो बोत्सोलो या वैद्याने वेगळी वाट धरली. लिस्टरच्या जंतुघ्न शस्त्रक्रियेचा प्रसार झाल्यापासून कार्बोलिक आम्लाला पर्याय म्हणून थायमॉल नावाचे स्फटिकरूप द्रव्य जर्मनीतील शल्यगृहांत वापरात आले होते. ते कार्बोलिकापेक्षा सुवासिक व कमी दाहक होते, आणि बोत्सोलोच्या हिशेबी त्याचा मोठा गुण असा की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसे. जे पाण्यात विरघळत नाही ते जठरात शोषले जाऊन रक्तात न मिसळता पुढे आतड्यात, म्हणजे कृमीच्या ठाण्यापर्यंत, पोहोचेल, हा त्याचा तर्क. तो खरा ठरला. थायमॉलने गुंगलेल्या कृमीची आतड्यावरील पकड सुटते, आणि पाठोपाठ दिलेल्या जुलाबाने तो बाहेर पडतो. १८८० च्या सुमारास बोत्सोलोने हा उपचार प्रसिद्ध केला आणि पुढील पस्तीस वर्षे अंकुशकृमीविरुद्धच्या प्रत्येक मोहिमेचे मुख्य अस्त्र हेच राहिले.

या ठिकाणी थायमॉलचे कूळ सांगणे अवश्य आहे, कारण त्याचा एक पाय आपल्या दारात आहे. थाइम नावाच्या युरोपीय सुगंधी झुडपाच्या तेलातून हे स्फटिक कास्पार नॉयमान याने १७१९ साली वेगळे केले होते आणि १८५३ साली लालमाँ या फ्रेंच रसायनज्ञाने त्याला थायमॉल हे नाव दिले. परंतु थाइमच्या झुडपात तेल अत्यल्प, आणि त्या तेलात थायमॉलचा अंश बेभरवशाचा. त्याच सुमारास लंडनचे स्टेनहाउस यांनी १८५५ साली व मुंबईचे डॉ. हेन्स यांनी १८५६ साली हिंदुस्थानातून मिळालेल्या एका स्फटिकाची परीक्षा केली आणि तो थायमॉलच आहे असा निर्वाळा दिला. तो स्फटिक होता ओव्याचा. माळव्यात उज्जैनच्या बाजूला ओवा भट्टीवर चढवून त्याचे तेल काढीत, ते तेल थंडीत उघडे ठेवीत, आणि त्यातून निघणारे पांढरे खडे बाजारात आणीत. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी या दोन पंडितांनी १८७४ साली लंडनला प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया’ या औषधिद्रव्यांच्या ग्रंथात, पुण्याच्या व दख्खनच्या इतर गावांच्या दुकानांत हे खडे ‘अजवायन का फूल’ या नावाने विकले जातात अशी स्पष्ट नोंद आहे. म्हणजे बोत्सोलोने तूरिनमध्ये थायमॉल हाती घेण्याच्या आधीपासून पुण्यातील काष्ठौषधींच्या दुकानदाराच्या बरणीत ते ओव्याचे फूल म्हणून पडलेले होते, आणि पोटदुखी, अजीर्ण, पटकी अशा तक्रारींसाठी लोक ते पुडीत बांधून नेत होते.

एवढे वाचून ज्या कोणा वाचकाला आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊकच होते असे म्हणण्याची उबळ येईल, त्याला एक साधा हिशेब करून पाहण्याची विनंती आहे. अंकुशकृमी पाडण्यासाठी प्रौढ माणसाला थायमॉलची जी मात्रा देत ती साठ ग्रेन, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. ओव्यात शेकडा तीन-चार भाग तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याच्या आत-बाहेरचा भाग थायमॉल. तेव्हा एका मात्रेपुरते थायमॉल मिळवण्यास पावशेर ओवा भट्टीत घालावा लागेल. मुलाच्या पोटावर ओवा चोळणारी किंवा चिमूटभर ओवा-सैंधव चावावयास देणारी आजी पोटातला वायू खचित सारीत असेल, पण आतड्याला डसून बसलेल्या अंकुशकृमीला त्याची खबरही लागत नसे. आयुर्वेदाचे मोठेपण या बाबतीत दुसरीकडेच आहे. चरकाने विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगितले, ते आजच्या प्राणिशास्त्राशी जुळवीत बसण्यात अर्थ नाही. पण कृमिचिकित्सेचे त्याने जे तीन टप्पे केले आहेत, अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थिती मोडणे, आणि निदानाचा परित्याग म्हणजे ज्या कारणाने ते होतात त्याच्या वाटेला न जाणे, त्यांचा क्रम ध्यानात ठेवावा असा आहे. थायमॉलचा पुढील सगळा इतिहास हा पहिल्या टप्प्यावर मिळालेल्या विजयाचा आणि तिसऱ्या टप्प्यावर वारंवार आलेल्या अपयशाचा इतिहास आहे.

तिसरा टप्पा गाठावयाचा तर कृमी शरीरात शिरतो कोठून हे कळले पाहिजे, आणि ते बोत्सोलोच्या उपचारानंतर जवळजवळ दोन दशके कोणास कळले नव्हते. तोंडावाटे, मातीने भरलेल्या हातांनी किंवा गढूळ पाण्यातून, असाच सर्वांचा समज होता. कैरो येथे आर्थर लॉस हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ या कृमीच्या अळ्यांवर काम करीत असता अळ्यांनी भरलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला. काही क्षणांत त्या जागी आग होऊन ती लाल झाली, आणि पाण्यात उरल्या त्या अळ्यांच्या रिकाम्या कातीच तेवढ्या. काही आठवड्यांनी लॉसच्या स्वतःच्या मलात अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. पुढे त्याने रुग्णालयात पाय कापावा लागणार असलेल्या एका मुलाच्या त्या पायावर, शस्त्रक्रियेच्या तासभर आधी, अळ्या सोडल्या आणि कापलेल्या पायाच्या त्वचेचे पातळ काप करून रोमरंध्रांतून आत घुसणाऱ्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. तेथून रक्तावाटे फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, आणि गिळल्यावर आतड्यात, असा त्यांचा विलक्षण प्रवास त्याने पुढच्या काही वर्षांत उलगडला. आसामच्या चहामळ्यांत पावसाळ्यात मजुरांच्या पायांच्या बोटांमध्ये खाजरी जखम होते, तिला तेथे पानीघाव म्हणत. हा घाव त्याच अळ्यांच्या प्रवेशाचा आहे हे तेथील डॉ. बेंटली यांनी १९०२ साली सिद्ध केले. मळ्याच्या कडेला झुडपाआड शौचास बसणारा आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी त्याच ओल्या जमिनीवर चहाची पाने खुडणारा मजूर आपला रोग स्वतःच पेरीत आणि स्वतःच कापीत होता.

आसामचे नाव निघाले म्हणून सांगावयास हवे की, थायमॉल हिंदुस्थानात फार लवकर पोहोचले होते. चहामळ्यांच्या भरतीवर नेलेले मजूर ज्या मरगळीने खचत होते तिच्या चौकशीसाठी आलेल्या गाइल्स यांनी १८९० साली अंकुशकृमीवर बोट ठेवले; त्यांनी काळाआजारही त्याच खात्यात घातला ही त्यांची चूक पुढे दुरुस्त झाली. त्यानंतर धुबरी येथे डॉब्सन यांनी मळ्यांकडे जाणाऱ्या धडधाकट मजुरांना थायमॉल देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यातीलही बहुसंख्यांच्या पोटी हा कृमी निघाला. म्हणजे रोगी आणि निरोगी असा भेद कृमी असण्या-नसण्याने ठरत नव्हता. पोटात किती कृमी आहेत आणि ताटात किती अन्न आहे, यावर तो ठरत होता.

अस्त्र म्हणून थायमॉलची खरी परीक्षा झाली ती पोर्तो रिको या बेटावर. १८९८ च्या युद्धात स्पेनकडून हे बेट अमेरिकेच्या अंमलाखाली आले, आणि १८९९ च्या ऑगस्टात आलेल्या भयंकर वादळाने तेथील कॉफीचे मळे उद्ध्वस्त केले. पोन्से येथे निर्वासितांच्या छावणीत नेमलेला तरुण लष्करी डॉक्टर बेली अॅशफर्ड याला असे दिसले की, या माणसांना मांस, दूध, भरपूर अन्न दिले तरी त्यांचा पांढरेपणा हटत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने एका रोग्याच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी अतोनात वाढलेल्या पाहिल्या, त्यावरून कृमीची शंका घेऊन मलाची परीक्षा केली, आणि अंडी सापडली. थायमॉल दिल्यावर काही आठवड्यांत त्याच माणसांच्या ओठांवर रंग दिसू लागला. बेटावर वर्षाकाठी होणाऱ्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा या ‘अनेमिया’चा होता. १९०४ पासून सरकारी आयोग नेमून डोंगराळ मुलुखात तंबू ठोकले गेले; खेचरांवर, झोळ्यांत, एकमेकांच्या खांद्यावर बसून लोक येत आणि औषध घेऊन परत जात. पुढल्या काही वर्षांत सुमारे तीन लाख लोकांना थायमॉल मिळाले. एका रोगाविरुद्ध सरकारने सबंध मुलुखातील रयतेवर उपचार केला, याचे आधुनिक काळातील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरही तोच कृमी होता, किंबहुना त्याचा भाऊ. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने त्याची वेगळी जात ठरवली. दक्षिणेकडील गरीब गोऱ्या शेतकऱ्यांच्या प्रसिद्ध आळसाचे मूळ या कृमीत आहे असे स्टाइल्सने जाहीर करताच वर्तमानपत्रांनी ‘आळसाचा जंतू’ म्हणून त्याची यथेच्छ टिंगल केली. जॉन डी. रॉकफेलर याने १९०९ च्या ऑक्टोबरात या कामासाठी दहा लाख डॉलर दिले आणि विक्लिफ रोझ याच्या हाती अकरा राज्यांतील मोहीम सोपवली, तेव्हा दक्षिणेच्या स्वाभिमानाला आणखीनच डंख बसला; अनवाणी फिरू नका असे सांगणारा हा धनिक आता जोड्यांचा व्यापार सुरू करणार, अशीही आवई उठली. पण रोझ हा मोठा धोरणी माणूस. त्याने प्रत्येक परगण्याच्या गावी काही आठवड्यांसाठी उघडे दवाखाने भरवले. एका मेजावर सूक्ष्मदर्शक, दुसऱ्यावर बाटल्यांत ठेवलेले कृमी, भिंतीवर उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे. शेतकरी कुटुंबे गाडी जोडून, शिधा बरोबर घेऊन येत, घरून डबीत आणलेला मल तपासून घेत, आणि स्वतःच्या पोटातील कृमीची अंडी स्वतःच्या डोळ्यांनी काचेतून पाहत. प्रवचनाला जे साधले नसते ते या एका दृष्टिक्षेपाने साधे. १९१४ अखेर मोहीम आवरली तेव्हा जवळजवळ सात लाख लोकांना औषध मिळालेले होते. तपासलेल्या शाळकरी मुलांत शेकडा चाळीसच्या जवळपास मुलांच्या पोटी कृमी निघाला होता.

या दवाखान्यांतून जो विधी लिहून दिला जाई तो थोड्याफार फरकाने जगभर सारखाच होता. आदल्या रात्री हलके जेवण आणि एप्सम नावाचे जुलाबाचे मीठ. सकाळी उपाशीपोटी सहा वाजता थायमॉलची बारीक पूड दुग्धशर्करेत खलून भरलेल्या कॅप्सूलांचा निम्मा भाग, आठ वाजता उरलेला निम्मा, रोग्याने मात्र बिछान्यावर पडून राहावयाचे. दहा वाजता पुन्हा जुलाबाचे मीठ, आणि जुलाब होईपर्यंत पाण्याखेरीज तोंडात काही नाही. मद्य, लोणी, दूध, तेल या सर्वांना सक्त मनाई. ही मनाई हा त्या उपचाराचा कणा होता, कारण पाण्यात न विरघळणारे थायमॉल मद्यात आणि स्निग्ध पदार्थांत झटकन विरघळते, तसे विरघळले की आतड्यात न थांबता रक्तात उतरते, आणि मग कृमीऐवजी रोगीच गुंगतो; असे मृत्यू घडलेही आहेत. ज्या समाजात जुलाब म्हटला की एरंडेलाची बाटली आणि पथ्य म्हटले की तुपाचा भात, तेथे हा विधी समजावून सांगणे ही केवढी जोखीम होती, हे मलबार किंवा आसामच्या एखाद्या मळ्यावरील कंपाउंडरच ठामपणे सांगू शकला असता.

आता पुन्हा ओव्याकडे. जगभरच्या या मोहिमांना लागणारे थायमॉल येत होते जर्मनीतून, आणि जर्मनीतील कारखानदार, त्यांत लाइपझिगचे शिमेल अँड कंपनी हे अग्रगण्य, ते काढीत होते हिंदुस्थानी ओव्यापासून. इंदूरच्या बाजूने, निजामाच्या मुलुखातून, कर्नूलच्या काळ्या जमिनीतून ओव्याची पोती बंदरावर येत आणि बोटीने हांबुर्गला जात; तेथे तेल निघे, तेलातून स्फटिक निघे, आणि उरल्या चोथ्यात प्रथिने भरपूर म्हणून तो गुरांना चारला जाई. तेच स्फटिक मोठ्या किमतीने कलकत्त्यास परत येऊन आसामच्या मळ्यावर मजुराच्या पोटात जात. कच्चा माल जावा आणि पक्का माल यावा, हा त्या काळच्या हिंदी व्यापाराचा सर्वसाधारण शिरस्ताच होता. दादाभाई आणि रानडे यांनी कापूस, नीळ, गळिताची धान्ये यांच्याविषयी जे लिहिले ते ओव्याला अक्षरशः लागू पडते. उज्जैनच्या भट्टीवाल्याला जी कृती अवगत होती तिच्यात आणि शिमेलच्या कारखान्यात ज्ञानाचे अंतर फारसे नव्हते. अंतर होते ते भांडवलाचे, शुद्धतेच्या हमीचे आणि बाजारपेठेचे.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले आणि हा व्यापार एका दिवसात तुटला. थायमॉलची किंमत कित्येक पटींनी चढली. इंग्रज सरकारला तेव्हा कोठे जाग आली की, साम्राज्यातील लक्षावधी मजुरांचे औषध शत्रूच्या कारखान्यात तयार होत होते आणि त्याचे बी साम्राज्यातूनच जात होते. मग लंडनची इम्पीरियल इन्स्टिट्यूट ओव्याच्या नमुन्यांची परीक्षा करू लागली आणि हिंदुस्थानातही थायमॉल काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेने आपल्या रेताड जमिनीत वाढणाऱ्या मोनार्डा नावाच्या रानटी पुदिन्याच्या जातीपासून थायमॉल काढून पाहिले. पण तोवर आणखी एक वनस्पती पुढे सरसावली होती. आपल्या चाकवताच्या कुळातील एका उग्र वासाच्या अमेरिकन झुडपाचे तेल मेरीलँडमध्ये निघे व बाल्टिमोरच्या बाजारात विके. जंतावरील घरगुती औषध म्हणून ते अमेरिकेत जुनेच होते. डच ईस्ट इंडीजमध्ये शुफ्नर व फेरफोर्ट यांनी १९१३ साली अंकुशकृमीवर त्याची महती गाइली, आणि रॉकफेलरच्या पैशावर मलाया, जावा, फिजी येथे फिरलेल्या डार्लिंग यांच्या मंडळाने थायमॉलपेक्षा त्याला वरची जागा दिली. या चेनोपोडियम तेलाची मात्रा थेंबांवर होती. चार थेंब अधिक पडले तर कान बधिर होत, चक्कर येई आणि लहान मुले दगावत. त्यातील ॲस्कॅरिडोल हे गुणकारी द्रव्य तापवले तर स्फोट पावते, ही गोष्ट रसायनशाळेत काम करणारे हसत सांगत. पण मळ्यावरच्या डॉक्टरला त्यात हसण्यासारखे फारसे काही वाटत नसावे.

या गोंधळात कोणते औषध खरोखर किती कृमी पाडते हे मोजून ठरवण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत एका मराठी नावाची नोंद करणे हे कर्तव्य आहे. मद्रास इलाख्यातील अंकुशकृमीच्या चौकशीवर नेमलेले डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि त्यांचे सहकारी, जेझुइट पंथाचे फ्रेंच रसायनज्ञ फादर कायस, यांनी कृमिघ्न द्रव्यांची रासायनिक घटना आणि त्यांचा रोगावरील गुण यांचा परस्परसंबंध या एकाच प्रश्नावर १९१९ पासून काही वर्षे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ मध्ये लेखांची मालिकाच प्रसिद्ध केली. या प्रकारच्या संशोधनाची रीत मोठी चिकाटीची असे. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस रोग्याचा सगळा मल जमवावयाचा, बारीक चाळणीतून पाण्याच्या धारेखाली गाळावयाचा, चाळणीवर उरलेले कृमी चिमट्याने उचलून, नर-मादी निवडून मोजावयाचे. मग उरले असतील ते पाडण्यासाठी दुसरे जालीम औषध द्यावयाचे, पुन्हा तीच चाळणी, तोच चिमटा. आणि पहिल्या औषधाने एकूण कृमींपैकी शेकडा किती पाडले याचा आकडा मांडावयाचा. अशा कामाला कोणी मानपत्र देत नाही. थायमॉल, चेनोपोडियम, निलगिरीचे तेल, डांबरातून निघणारी द्रव्ये आणि आपल्याकडील काष्ठौषधी या सगळ्यांना एकच काटा लावण्याचा तो प्रयत्न होता, आणि औषध देशी आहे म्हणून किंवा विलायती आहे म्हणून त्या काट्याने कोणाला सूट दिली नाही. माझ्या मते या सबंध कथेतील सर्वांत आदरणीय भाग हाच आहे.

औषधांची ही चढाओढ चालू असतानाच वनस्पतींची सद्दी संपत आली. १९२१ साली मॉरिस हॉल या अमेरिकन पशुवैद्यकाने कुत्र्यांवर प्रयोग करून, आणि मग स्वतः थोडे पिऊन पाहून, कार्बन टेट्राक्लोराइड हे स्वस्त रासायनिक द्रव्य एका मात्रेत काम करते असे दाखवले. पुढच्याच वर्षी फिजीत लँबर्ट यांनी तेथील हजारो लोकांना, त्यांत ऊसमळ्यांवर गिरमिटावर गेलेल्या आपल्या बांधवांनाही, ते दिले. त्याने यकृताला धक्का बसतो असे आढळल्यावर १९२५ साली हॉलनेच टेट्राक्लोरोएथिलीन आणले, आणि थायमॉल मागे पडले ते कायमचे. पण औषध कोणतेही असो, मजूर ज्या चिखलात परत उतरत होता तो चिखल तोच होता. मद्रास इलाख्यात रॉकफेलरच्या प्रतिष्ठानातर्फे काम करणारे डॉ. केंड्रिक यांनी म्हणूनच पुढे औषधापेक्षा जमिनीत खोल भोक पाडून केलेल्या शौचकूपांच्या प्रसाराकडे अधिक लक्ष दिले. चरकाचा तिसरा टप्पा पहारीच्या आणि गिरमिटाच्या साहाय्याने गाठण्याचा तो उद्योग होता, आणि त्याला सूक्ष्मदर्शकाचे आकर्षण नसल्यामुळे तो फार हळू चालला.

म्हसकर आणि कायस यांची जोडी पुढे मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सर्पदंशावरील वनौषधींची परीक्षा करू लागली, आणि फादर ब्लॅटर यांच्यासह त्यांनी लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व मेजर बसू यांच्या ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ या महाग्रंथाची दुसरी आवृत्ती संपादून १९३३ ते १९३५ या काळात अलाहाबादेहून बाहेर काढली. ओव्याला त्या ग्रंथात त्याचे रीतसर स्थान आहे. तो छापला जात असता युरोपात थायमॉलचा मोठा भाग डांबरापासून मिळणाऱ्या क्रेसॉलपासून कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला होता, आणि युद्धकाळात हिंदुस्थानात थायमॉल काढण्यासाठी जी धडपड झाली होती तिला त्या स्वस्त मालापुढे टिकाव धरणे जड जात होते.